तागडी कोणाच्या हाती?

संगणकावर खेळ चालू असता आपणांस एकच चित्र हलताना दिसते. वस्तुतः पडद्यावर दर सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून अधिक स्वतंत्र चित्रे रंगविली जात असतात. हे रंगकाम ज्या भागाकडे असते त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. सेकंदाला चित्रे जितकी अधिक तितका खेळ सुरळीत; म्हणून गिऱ्हाईक कार्ड घेताना हाच आकडा पाहते. घरातला मुलगा ज्या महागड्या कार्डासाठी हट्ट धरून बसतो, तेही बहुधा असाच एखादा तक्ता पाहून. हा आकडा येतो कोठून, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषी असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो कार्ड बनविणारी कंपनीच पुरविते. कोणता खेळ चालू आहे हे त्याला ओळखता येते. मोहाचे मूळ इथेच आहे.

२००१ साली एटीआय कंपनीचे रेडिऑन ८५०० हे कार्ड निघाले. त्या काळी वेग मोजण्यासाठी ‘क्वेक ३’ हा खेळ सर्रास वापरीत. परीक्षकांनी एक साधी युक्ती केली. खेळाच्या फाइलीत ‘क्वेक’ असे नाव होते, तेथे ‘क्वॅक’ केले. (इंग्रजीत हा शब्द बदकाच्या ओरडण्यालाही लावतात आणि भोंदू वैद्यालाही!) खेळ तोच, कार्ड तेच, पण वेग उतरला आणि चित्रे मात्र अधिक रेखीव दिसू लागली. नाव ओळखताच ड्रायव्हर भिंतीजमिनींवरील बारीक नक्षी पुसट करून वेळ वाचवीत होता. पुढच्या ड्रायव्हरने वेग राखूनही चित्र सुधारले. मग आधी ही लबाडी कशाला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे प्रकरण २००३ चे. मूळच्या फिनलंडमधील फ्यूचरमार्क कंपनीची ‘थ्रीडीमार्क ०३’ ही चाचणी म्हणजे खेळ नव्हे, केवळ माप. तीत कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच जातो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती वाट ठाऊक होती. वाटेवरून न दिसणारा भाग तो रंगवीतच नसे. नाटकाच्या पडद्याची मागची बाजू कोण रंगवितो? परंतु खरा खेळणारा हवी तिकडे मान वळवितो. कॅमेरा मोकळा सोडताच पडद्यावर भलतेच विस्कटलेले चित्र उमटले. मे महिन्यात फ्यूचरमार्कने ड्रायव्हरला चाचणी ओळखता येऊ नये अशी दुरुस्ती केली, तेव्हा जिफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. एटीआयचेही सुमारे दोन टक्क्यांनी घसरले. तीही अगदी सोवळी नव्हती.

एखाद्या खेळासाठी ड्रायव्हर मुद्दाम सुधारणे यात गैर काही नाही. त्याचा लाभ खेळणाऱ्यालाच मिळतो. मात्र चित्र तेच राहिले पाहिजे. आणि चाचणी तर कोणी खेळत नाही. तिच्यापुरता वाढविलेला वेग गिऱ्हाइकाच्या पदरात कधीच पडत नाही.

जूनमध्ये दोन्ही कंपन्यांचे संयुक्त निवेदन निघाले. तीत फ्यूचरमार्कने ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेऊन त्या कृतीस विशिष्ट कार्यक्रमासाठी केलेली जुळवणी म्हटले. पुढे कोणत्या ड्रायव्हरवर घेतलेले गुण ग्राह्य मानावयाचे, याची यादी तिने स्वतःच प्रसिद्ध करावयास आरंभ केला.