अँग्विला : दोन अक्षरांवर चाललेलं बेट

हल्ली नव्या कंपन्यांच्या वेबसाइटचा पत्ता पाहिलात, तर पुष्कळदा शेवटी '.एआय' दिसतं. अशा प्रत्येक पत्त्याच्या नोंदणीतून थोडे पैसे कॅरिबियनमधल्या एका बेटाला मिळतात. ते बेट म्हणजे अँग्विला. क्षेत्रफळ सुमारे ९१ चौरस किलोमीटर, वस्ती पंधरा-सोळा हजार. आपल्याकडचं एखादं मोठं गावच म्हणा ना! प्रदेश ब्रिटनचा.

बेट सपाट आहे, चुनखडकाचं. नदी एकही नाही. पावसाचं पाणी खडकात मुरून जातं, मातीचा थर पातळ. शेजारच्या बेटांवर उसाचे मोठे मळे उभे राहिले. इथे ते जमलं नाही. लोक जगले ते मिठागरं, मासेमारी आणि होड्या बांधण्यावर. होड्यांच्या शर्यती हा आजही इथला राष्ट्रीय खेळ आहे.

आता एक भन्नाट गोष्ट ऐका. १९९५च्या सप्टेंबरमध्ये या भागात 'लुईस' चक्रीवादळ आलं. त्यानंतर महिन्याभरात उन्मळलेल्या झाडांचा एक तराफाच अँग्विलाच्या किनाऱ्याला लागला आणि त्यावर निदान १५ हिरवे इग्वाना होते! इग्वाना म्हणजे दिसायला साधारण आपल्या घोरपडीसारखा, पण पाला खाणारा सरडा. प्राणी समुद्र ओलांडून बेटांवर कसे पोहोचतात, याचा हा दुर्मीळ पुरावा. शास्त्रज्ञ खूश झाले. पण बेटावरच्या मूळच्या इग्वानाची पंचाईत झाली. तो आधीच दुर्मीळ, त्यात हे पाहुणे त्याच्याशी संकर करतात. शेवटी मूळच्या काही इग्वानांना प्रिकली पेअर या जवळच्या निर्जन बेटावर नेऊन सोडावं लागलं.

माणसांचं पोट मात्र पर्यटनावर, म्हणजे पुन्हा वादळाच्या मर्जीवर. २०१७ साली 'अर्मा' वादळानं हॉटेलं, घरं, वीज सगळंच मोडून टाकलं. अशा बेटाला १९९५ मध्येच, देशांच्या दोन अक्षरी संकेतांप्रमाणे, 'एआय' मिळालं होतं. तेव्हा त्याचं कुणाला काय कौतुक! २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि चित्र पालटलं. २०२३ मध्ये या दोन अक्षरांनी सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळवून दिले, सरकारी महसुलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हा पैसा वादळात वाहून जात नाही. पण नोंदणी किमान दोन वर्षांची असते. मुदत संपली की ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्या कंपन्याच ठरवतात.