गोळी तासांत पोचते, मन महिन्यानं उभारी धरतं

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून आणलेली नैराश्यावरची गोळी पोटात गेली, की काही तासांतच मेंदूतल्या रसायनांवर तिचं काम सुरू होतं. तरी उदासी हटायला दोन ते चार आठवडे लागतात. मधले इतके दिवस मेंदू करतो तरी काय?

या कोड्याचा माग काढत गेलं, तर वाट आपल्याच सह्याद्रीत येते. पश्चिम घाटातल्या ओलसर जंगलात सर्पगंधा नावाचं झुडूप वाढतं. त्याची मुळी वैद्य पिढ्यानपिढ्या वापरत आले. ती रक्तदाब उतरवते, हे १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. मग चमत्कारिक नोंदी येऊ लागल्या. रक्तदाब उतरत होता, पण काही रुग्ण खिन्न होत होते!

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात नेमकं उलटं घडलं. इप्रोनियाझिड दिलेले मरगळलेले क्षयरोगी हसू-खेळू लागले. पुढे उलगडा झाला: रिसर्पिन मेंदूतला सिरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिता करतं, इप्रोनियाझिड ती मोडू देत नाही. एक औषध रक्तदाबाचं, दुसरं क्षयाचं. मनाचा ठाव घ्यायला कुणी निघालंच नव्हतं!

तरीही सिरोटोनिन घटलं म्हणून नैराश्य आलं, इतका सोपा हिशेब नाही. तसं असतं तर पहिल्याच दिवशी बरं वाटलं असतं. बदललेल्या रसायनांशी मज्जापेशी सावकाश जुळवून घेतात, त्यांच्यातले जोड नव्यानं बांधले जातात, असं संशोधकांना वाटतं. उसाला आज पाणी पाजलं म्हणून उद्या तोड येत नाही, तसंच हे.

'तालमीत घाम गाळ, रंकाळ्यावर फिरून ये,' असं आपल्याकडे कुणीही सांगतं. व्यायामाचा उपयोग होतोच, आणि सौम्य नैराश्य अनेकदा समुपदेशनानंही हटतं. आजार तीव्र असेल तर मात्र बहुधा औषध लागतं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर त्रास होऊ शकतो. बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. तेव्हा आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडू नका, डॉक्टरांशी बोला. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लावा. तिथं मराठीतून बोलता येतं आणि सल्ला मोफत मिळतो.