घाट उतरताना ट्रॉली

शेतकरी बंधूंनो, पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडीचा घाट लागतो. २०२३ साली तिथल्या बोगद्यातून वाहतूक सुरू झाली खरी. पण आपल्या वाडीवस्तीचे उतार काही गेले नाहीत.

चढणीला कस लागतो इंजिनाचा, उताराला चालकाचा. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते. ब्रेक सारखा दाबून ठेवला, की तो तापतो आणि धरेनासा होतो. म्हणून ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. इंजिनच वेग आवरील. गिअर उताराआधी टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. दोन्ही ब्रेक-पेडलांची कडी जोडा. नाहीतर एकच चाक धरून ट्रॅक्टर आडवा फिरतो.

ओझ्याचे म्हणाल, तर बैलगाडी आठवा. मागे भार झाला की ती उलाळते. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच. थोडा भार पुढे, हुकावर यावा. हुकाच्या पिनेला आडवी खीळ आणि जोडीला साखळी हवीच.

आणि गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा : ट्रॉली मालासाठी आहे, वऱ्हाडासाठी नव्हे. ती उलटली, तर आतल्या माणसाला धरायला काही नसते.