कोचीचे लेख आणि नवे प्रवासी

‘पर्यटन’ हा शब्द परि + अट् या धातूपासून झाला असून सभोंवार हिंडणें एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. ‘तीर्थ’ शब्द मात्र तॄ म्हणजे तरून जाणें या धातूचा. जेथें पाण्याला उतार सांपडतो ती जागा तीर्थ होय. हिंडणें व तीर्थास जाणें यांत आपल्याकडे पूर्वींपासून भेद केला जात असे. यात्रेकरू क्षेत्रीं गेला म्हणजे क्षेत्रोपाध्याय त्याला स्थळाचें माहात्म्य सांगे, पण तेवढ्यावर न थांबतां आपली वही काढून त्याच्या आज्याचें नांव व हस्ताक्षर दाखवी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या अशा वह्यांतून वंशावळी जुळविल्याचा अनुभव या पृष्ठांच्या अनेक वाचकांस असेल. यात्रेला कागदाचा आधार होता, हें येथें लक्षांत ठेवावयाचें.

आज समुद्रकांठच्या पुष्कळ शहरांतून ‘बहुविध संस्कृतींचें पर्यटन’ वाढविण्याची खटपट चालू आहे. देऊळ, मशीद, चर्च व यहुद्यांचें प्रार्थनामंदिर एकाच गांवांत कसें नांदलें हें परगांवच्या लोकांस दाखवावें आणि त्यायोगें गांवकऱ्यांस चार पैसे मिळावे, हा हेतु चांगलाच आहे. परंतु जें दाखविलें जातें तें कोणत्या आधारावर, हा प्रश्न जुने कागद जमविणाऱ्या आम्हां लोकांखेरीज कोण विचारणार? प्रस्तुत लेखांत केरळांतील कोची (पूर्वींचें कोचीन) हें शहर उदाहरणादाखल घेतलें आहे. कोचीचें खरें वैभव तेथील इमारतींत जितकें आहे तितकेंच ताम्रपटांत, शिलालेखांत व साक्षपत्रांत आहे. आणि तें प्रवाशांपुढें ठेवल्यावांचून हें पर्यटन टिकाऊ व प्रामाणिक होणार नाहीं, असें दाखविण्याचा हेतु आहे.

(१) बंदर

कोचीच्या उत्तरेस कोडुंगल्लूर हें त्या किनाऱ्यावरील प्राचीन बंदर. इ. स. १३४१ च्या महापुरांत पेरियार नदीचा प्रवाह बदलून तें निकामी झालें व कोचीचें मुख उघडलें, अशी सर्वमान्य समजूत आहे. पुढें १५०० सालीं पोर्तुगीज, १६६३ सालीं डच व १७९५ सालीं इंग्रज असे एकामागून एक धनी त्या बंदरावर आले. मिरीच्या व्यापारासाठीं अरब, यहुदी, गुजराथी, कच्छी व कोंकणी असे नाना लोक मट्टांचेरीच्या पेठेंत वसले. ही सर्व मंडळी एकमेकांच्या प्रेमानें आली नव्हती. कोणी नफ्यासाठीं आले, कोणी छळाला कंटाळून आले. आणि जे राहिले ते बहुधा राजाच्या लेखी अभयामुळें राहिले.

(२) ताम्रपट

या अभयाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे मट्टांचेरीच्या परदेशी यहुद्यांनीं जपून ठेविलेला ताम्रपट. चेर राजा भास्कर रविवर्मा यानें जोसेफ रब्बान् या यहुदी श्रेष्ठीस दिलेली ही सनद वट्टेळुत्तु लिपींत कोरलेली आहे. समाजाची परंपरा तिला इ. स. ३७९ ची मानीत असे. लिपि व राजाचा काल यांवरून संशोधकांनीं ती इ. स. १००० च्या सुमाराची ठरविली आहे. तिनें रब्बानास अंजुवण्णम् व बहात्तर हक्क मिळाले. त्यांत पालखी, छत्र, नगारा, दिवसा दिवा लावण्याचा मान इत्यादि चिन्हें असून कांहीं करांची माफीहि आहे. हे हक्क त्याच्या पुत्रांस, कन्यांस, भाच्यांस व कन्यांच्या पतींसहि, जग व चंद्र असेपर्यंत, चालावयाचे आहेत. खालीं नाडुनाडूंच्या अधिपतींच्या साक्षी आहेत. आपल्या दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ या पदाशीं परिचित असलेल्या वाचकांस हें वळण तत्काळ ओळखूं येईल. कन्या, भाचे व जांवई यांचा उल्लेख मात्र आपल्या दानपत्रांस अपरिचित असून तो केरळाच्या मातृवंशीय चालीशीं जुळतो. परधर्मीयास दिलेल्या हक्कांची सनद देशाच्याच कायद्याच्या भाषेंत लिहिलेली आहे, हें तिच्यांतील मर्म होय. तें न सांगतां नुसतें ‘येथें सर्व धर्म गुण्यागोविंदानें नांदले’ असें सांगितलें, तर ऐकणाऱ्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं.

(३) दगड

१५६८ सालीं बांधलेलें परदेशी यहुद्यांचें प्रार्थनामंदिर मट्टांचेरीच्या राजवाड्यास व त्यांतील भगवतीच्या देवळास अगदीं लागून आहे. (आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल लोक अशा मंदिरास मशीद म्हणत आले, त्यांना हिब्रू व प्रार्थनाविधि शिकविण्यास एकोणिसाव्या शतकांत कोचीचे यहुदी शिक्षक येत असत.) आंतील निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा व बाहेरील १७६० चा घड्याळाचा मनोरा पाहण्यास लोक गर्दी करितात. प्रस्तुत लेखकानें तेथें उभें राहून पाहिलें, तेव्हां पुष्कळांची दृष्टि फरशांवरच खिळलेली होती. बाहेरच्या भिंतींत बसविलेल्या हिब्रू शिलेकडे क्वचितच कोणी वळे. ती शिला जवळच्या कोचंगाडी येथील, आतां नष्ट झालेल्या प्रार्थनामंदिराची असून तिचा काल इ. स. १३४४ हा आहे. म्हणजे वर सांगितलेल्या महापुरानंतर तीन वर्षांच्या आंतच यहुदी कोचींत मंदिर बांधीत होते. बंदर केव्हां उघडलें या प्रश्नावर इतका जवळचा दगड समोर असतां प्रवासी त्याला पाठ करून छायाचित्र काढतो!

कोचीच्या कोटांतील सेंट फ्रान्सिस चर्चची गोष्ट तशीच आहे. १५२४ सालीं कोचींत मरण पावलेल्या वास्को द गामास तेथें पुरलें होतें व पुढें त्याचीं हाडें लिस्बनला नेलीं, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु भिंतींस लावलेल्या पोर्तुगीज व डच थडग्यांच्या शिला वाचून पाहणारा विरळा. एकाच देवळाच्या भिंतींवर दोन परस्परशत्रु राष्ट्रांचे मृत आहेत, हें वाचल्याशिवाय कळत नाहीं.

(४) तीन भटांचें साक्षपत्र

आतां आपल्याशीं अधिक निकटचा लेख घेऊं. गोव्यांत पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळें सोळाव्या शतकांत अनेक गौड सारस्वत कुटुंबें दक्षिणेकडे गेलीं व त्यांतील कित्येक कोचींत स्थिरावलीं. त्यांचें श्रीवेंकटेश्वराचें तिरुमल देवस्वम् मट्टांचेरींत आजहि गजबजलेलें असतें. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानें तेथील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें बारा खंडांत छापला गेला व त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचें वर्णन आहे. पहिल्या खंडांत इट्टि अच्युतन् या मलयाळी वैद्याचें साक्षपत्र आहे; त्याचबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचेंहि आहे. या तिघांचें साक्षपत्र नागरी लिपींत, कोंकणी भाषेंत असून २० एप्रिल १६७५ या दिवसाचें आहे. ग्रंथांतील अनेक चित्रांवर वनस्पतीचें नांव रोमन, मलयाळम्, अरबी व नागरी अशा चार लिपींत कोरलेलें दिसतें.

मलयाळी वैद्यानें सांगावें, कोंकणी पंडितांनीं ताडून पाहावें, दुभाष्यानें पोर्तुगीजांत आणावें व पाद्र्यानें लॅटिनांत उतरावें, असें तें काम झालें. बहुविध संस्कृति म्हणजे काय, हें सांगण्यास याहून चांगला दाखला मिळणें कठीण. डॉ. के. एस. मणिलाल यांनीं अनेक वर्षांच्या परिश्रमानें या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर सिद्ध केलें व तें केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. मट्टांचेरीच्या देवस्वमाजवळ त्या नागरी पानाची एक मोठी प्रतिकृति लावणें कांहीं फार खर्चाचें नाहीं. महाराष्ट्र व गोमंतकांतून जाणारा प्रवासी ती स्वतः वाचूं लागेल व त्या शहराशीं आपलें नातें त्याला कोणी सांगावें लागणार नाहीं.

(५) कलहाचे लेख

माहात्म्य सांगणारा दोष झांकतो. इतिहास सांगणाऱ्यास तसें करतां येत नाहीं. १६५३ सालीं मट्टांचेरीसच सेंट थॉमसच्या ख्रिस्ती लोकांनीं जेसुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. १६६२ सालीं डचांस साह्य केल्याच्या संशयावरून पोर्तुगीजांनीं यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराची नासधूस केली. डचांचा अंमल बसल्यावर तें पुन्हां उभें राहिलें. १७९१ सालीं राजा शक्तन् तंपुरान् व कोंकणी व्यापारी यांच्यांत तीव्र कलह होऊन श्रीवेंकटेश्वराची मूर्ति त्रावणकोर राज्यांत आलप्पुळा येथें नेण्यांत आली. ती परत येण्यास १८५३ साल उजाडावें लागलें. यहुद्यांमध्येंहि ‘परदेशी’ व जुने ‘मलबारी’ असा कडक भेद होता. हे प्रसंग सांगितल्यानें शहराची अप्रतिष्ठा होत नाहीं. उलट, भांडूनहि लोक पुन्हां एका पेठेंत कसे बसले हें कळतें, व ऐक्याची किंमत कळते.

आणि सर्वांत मोठी उणीव तर कलहावांचून घडली. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर कोचीच्या यहुद्यांपैकीं बहुतेक सर्व थोड्याच वर्षांत तिकडे गेले. ज्या पेठेला त्यांचें नांव आहे तेथें आतां त्यांची वस्ती जवळजवळ उरली नाहीं. दुकानें मात्र भरभराटीस आलीं आहेत. मट्टांचेरीच्या कडवुंभागम् प्रार्थनामंदिरांतील कोरीव लांकूडकाम यरुशलेमच्या संग्रहालयांत पोंचलें, आणि मागें राहिलेल्या वास्तूची भिंत २०१९ च्या पावसाळ्यांत कोसळली. याच्या उलट एक सुखाची गोष्ट : कोचीच्या यहुदी स्त्रिया आपलीं मलयाळम् गाणीं वह्यांत उतरून ठेवीत, त्या वह्या इस्रायलांत त्यांच्याबरोबर गेल्या, व त्यांतील कांहीं गाणीं २००५ सालीं यरुशलेम येथून प्रसिद्ध झालीं. जो कागद माणसांबरोबर राहिला तो वांचला.

(६) काय करावें

कोचींत आज कांहींच होत नाहीं असें नाहीं. मुझिरिस वारसा योजनेंतून चेंदमंगलम् व परवूर येथील प्रार्थनामंदिरें दुरुस्त होऊन संग्रहालयें झालीं. चेंदमंगलम् येथें १२६९ सालची सारा या स्त्रीची हिब्रू समाधिशिला पाहावयास मिळते. १२ डिसेंबर २०१२ रोजीं कलाप्रदर्शनाचा जो द्वैवार्षिक उत्सव सुरू झाला त्यानें जुन्या वखारींत माणसें आणलीं. २०२३ पासून बेटाबेटांस जोडणाऱ्या विजेच्या नौका चालूं लागल्या. माणसें येत आहेत. त्यांना काय द्यावयाचें एवढाच प्रश्न आहे. त्यासंबंधीं नम्र सूचना अशा :

एक, प्रत्येक लेखाजवळ मूळ अक्षरांची स्पष्ट प्रतिकृति, त्याचें वाचन, भाषांतर व काल हीं चार अंगें असावीं. दोन, वाटाड्यांस शिक्षण देतांना परंपरा व प्रमाण हीं वेगळीं करण्यास शिकवावें. ३७९ हें साल सांगण्यास हरकत नाहीं, पण तें समाजाच्या श्रद्धेचें म्हणून सांगावें आणि लगेच संशोधनाचें साल सांगावें. तीन, जेथें पूजाअर्चा चालू आहे तें स्थळ प्रदर्शन समजूं नये. वेळ, पोषाख व छायाचित्रें यांचे नियम त्या त्या समाजानेंच ठरवावे. चार, प्रवेशशुल्काचा कांहीं भाग त्या त्या समाजाचीं दप्तरें नीट ठेवण्याकडे, त्यांची यादी व छायाप्रती करण्याकडे लागावा. दप्तर समाजापाशींच राहावें; प्रत मात्र अभ्यासकास मिळावी.

(७) संग्राहकांस विनंति

शेवटीं आमच्याच लोकांस दोन शब्द. यहुदी पेठेंत जुन्या वस्तूंचीं दुकानें ओळीनें आहेत. तेथें एखादी जुनी वही किंवा ताडपत्राचा जुडगा दिसला म्हणजे आमचा हात आपोआप खिशाकडे जातो, हें खोटें कशाला बोलावें? प्रस्तुत लेखकाचाहि गेला होता. पण ती वही कोणाच्या घरून आली हें दुकानदारास सांगतां येईना, तेव्हां ती घेऊन आपण काय घेणार, असा विचार मनांत आला. घर तुटलेला कागद अर्धा मुका होतो. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणें पंचाहत्तर वर्षांहून जुन्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितासहि पुरावस्तु समजतात व अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. परंतु कायद्यापेक्षांहि आपली विवेकबुद्धि येथें जागी हवी. प्रवासी शहर पाहून जातो, त्यानें शहर कमी होत नाहीं; संग्राहक मात्र दर खेपेस थोडें थोडें शहर उचलून आणूं शकतो.

तरी ज्या वाचकांच्या संग्रहीं दक्षिण किनाऱ्याकडील कोंकणी, मलयाळम् किंवा हिब्रू कागद असतील, त्यांनीं ते कोठून, कोणाकडून व केव्हां मिळाले याची टीप आठवणींत आहे तोंवर लिहून ठेवावी, व शक्य तेथें त्याची एक प्रत मूळ देवस्थानास किंवा समाजास पाठवावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.