मद्यपाशावरील उपचार आणि आरोग्यखर्च

मद्यपाशावरील उपचार म्हणजे आरोग्यव्यवस्थेवरील अतिरिक्त भार, असा समज आढळतो. वस्तुतः उपचार न झालेल्या मद्यपाशाचाही खर्च होतच असतो; मात्र रुग्णालयाच्या दप्तरी तो यकृतविकार, स्वादुपिंडदाह वा अपघात या नावांनी नोंदला जातो. अमेरिकेतील होल्डर व ब्लोज यांनी १९७४ ते १९८७ या काळातील नोंदी अभ्यासून १९९२ मध्ये असे दाखविले, की उपचार घेतलेल्यांचा नंतरचा वैद्यकीय खर्च उपचार न घेतलेल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होता.

अर्थात, स्वतःहून उपचारास येणारी व्यक्ती मुळातच प्रकृतीबाबत अधिक जागरूक असू शकते. म्हणून ही सारी बचत उपचारांचीच मानता येत नाही. उपचारांचा स्वतःचा परिणाम यादृच्छिक चाचणीतून अधिक स्पष्ट होतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या अशा चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना प्रशिक्षित बिगर-वैद्यकीय समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटींत समुपदेशन केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर इतरांपैकी २६ टक्के पुरुषांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले.

आपल्याकडे औषधोपचाराचा मोठा वाटा कुटुंबाच्याच खिशातून जातो. म्हणून समुपदेशकाचे वेतन खर्चात धरताना, टळू शकणारी रुग्णालयाची बिलेही हिशेबात घेणे अगत्याचे ठरते.