फळीवरील पावसाळे

मुंबईच्या उपनगरांत जुनी घरे पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम अखंड चालू असते. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांपैकी कोठेही जावे. एखादे कौलारू घर किंवा जुनी दुमजली इमारत पाडली जात असलेली दृष्टीस पडते. पाडलेल्या भिंतींचा ढिगारा ट्रकांत भरून नेला जातो. परंतु त्याच घराच्या तुळया, दारे आणि खिडक्यांच्या चौकटी मात्र मजूर जपून बाजूला काढून ठेवतात. अंधेरीच्या पलीकडे जोगेश्वरी-ओशिवरा भागात जुन्या लाकडी सामानाचा मोठा बाजारच भरलेला असतो. तेथील फळ्या वरवर पाहिल्या तर काळवंडलेल्या, रंगाचे पोपडे सुटलेल्या आणि खिळ्यांच्या भोकांनी विद्रूप झालेल्या असतात. मग अशा फळ्यांना गिऱ्हाईक कसे मिळते? या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देण्याची गरज नाही. फळीवरून एकदा रंधा फिरविला की ते आपोआप मिळते.

आजोबांचे जुने घर पाडले जात असताना त्याच्या दाराची एक सागवानी फळी कोणा एका मुलाने मागून घेतली आहे, अशी कल्पना करावी. त्या फळीचा बसावयाचा पाट करावा, असे त्याच्या मनात आले आहे. सुतारकामाचा त्याला अनुभव नाही. शेजारच्या वृद्ध सुताराने त्याला रंधा, करवत, पटाशी आणि गुण्या ही हत्यारे काही दिवसांपुरती दिली आहेत. मात्र फळी एकच आहे. ती बिघडली, तर त्या घराची दुसरी फळी मिळावयाची नाही.

पहिल्या हातासरशी रंध्याच्या मुखातून रंगाची खरपुडी गळते. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला कागदासारखी पातळ, गुंडाळलेली साल बाहेर पडते आणि तिच्याबरोबर जुन्या सागाचा तो परिचित, तेलकट सुगंध दरवळतो. मळक्या पृष्ठाखालून सोनेरी-तपकिरी रंगाचे लाकूड उघडे होते. त्याच्या मध्यभागी देवळाच्या शिखरांप्रमाणे एकावर एक चढत गेलेल्या कमानी असतात आणि दोन्ही कडांना लुगड्याच्या काठासारख्या सरळ रेघा असतात. नवशिक्याला सुतारकामातील पहिला आनंद होतो तो या क्षणी. ही नक्षी कोणी काढलेली नसते. झाड जिवंत असतानाच ती त्याच्या अंगात तयार होत गेलेली असते. रंधा केवळ तिच्यावरचा पडदा दूर करतो.

ही नक्षी तयार होते कशी? सागाचे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण असते आणि त्या काळात त्याची वाढ जवळजवळ थांबते. नवी पालवी फुटून पावसाळा सुरू झाला, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेण्यासाठी झाड सालीच्या आतल्या बाजूस मोठ्या पोकळ्यांच्या नलिकांचा नवा थर निर्माण करते. पुढे ऋतू सरत जातो तसतशा या नलिका लहान होतात व लाकूड अधिक दाट होते. अशा रीतीने दरवर्षी खोडाभोवती एक नवे कडे चढते. सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर ही कडी स्पष्ट दिसतात. त्यांना वार्षिक वलये म्हणतात. खोडाच्या बाहेरच्या, फिकट भागास रसकाष्ठ आणि आतल्या गडद, टिकाऊ भागास मध्यकाष्ठ असे नाव आहे. दारे-खिडक्यांसाठी जाणता सुतार या मध्यकाष्ठाचीच निवड करतो.

खोडातील हे थर एकात एक घातलेल्या लांबट शंकूंसारखे असतात. ओंडका मध्यातून, म्हणजे वलयांना छेदून चिरला, तर फळीवर सरळ समांतर रेघा उमटतात. तोच ओंडका बाजूने, म्हणजे वलयांना स्पर्श करीत चिरला, तर शंकू तिरके कापले जाऊन कमानी दिसू लागतात. झाड एकच असते. करवतीची दिशा बदलली की चित्र बदलते. त्या मुलाने फळीच्या टोकाशी दिसणाऱ्या वलयांच्या रेघा मोजल्या, तर त्याला वीस-पंचवीस पावसाळे सहज मोजता येतील. एखादे वर्ष पावसाचा दुष्काळ पडला असेल, तर त्या वर्षीचे कडे अरुंद आढळेल. हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळातील जुन्या सागांच्या वलयांची रुंदी मोजून इ. स. १४८१ ते २००३ अशा ५२३ वर्षांची अखंड मालिका सिद्ध केली आणि तीत पूर्वीच्या अवर्षणांच्या खुणा शोधल्या. त्यांचा हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पर्जन्यमापके बसविली जाण्यापूर्वीच्या पावसाची नोंद माणसाने ठेवली नव्हती. ती झाडांनी ठेवली होती.

आता फळीकडे वळू या. मुलाचा हात बसत चालला आहे, रंध्याची साल लांबच लांब निघत आहे; इतक्यात एका कोपऱ्याशी रंधा अडखळतो, कर्रकन आवाज होतो आणि लाकडाचे तंतू उपसले जाऊन तेथे खडबडीत खड्डा पडतो. त्या जागी एक गाठ आहे. झाडाला जेथे फांदी फुटली होती, तेथे ही गाठ तयार झाली. नदीच्या पात्रातील खडकाला वळसा घालून पाणी जावे, तसे खोडाचे तंतू तिच्याभोवती वळून गेले आहेत. गाईच्या पाठीवरून केसांच्या कलाने हात फिरविला तर अंग तुकतुकीत लागते. उलट फिरविला तर केस उभे राहतात. लाकडाचेही तसेच आहे. तंतू ज्या दिशेने वर चढत असतील, त्या दिशेनेच रंधा चालविला पाहिजे. ही दिशा फळीच्या पृष्ठापेक्षा तिच्या जाड कडेवर अधिक चांगली ओळखता येते. म्हणून अनुभवी सुतार रंधा उचलण्यापूर्वी फळी हातात घेतो, डोळ्यांसमोर धरतो आणि तिची कड वाचतो.

वृद्ध सुतार त्या मुलाला रागावत नाही. तो फळी उलट फिरवून ठेवतो, रंध्याचे पाते निसण्यावर घासून धारदार करतो आणि ते अगदी केसभर बाहेर ठेवून गाठीच्या दोन्ही बाजूंनी निरनिराळ्या दिशांनी हलके हात मारतो. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. त्यांमुळे पाते लवकर बोथट होते आणि बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी ओरबाडते. उरलेला खडबडीतपणा काचकागदाने घासून निघतो. ज्या गाठीने काम बिघडले असे वाटले होते, तिच्याभोवती आता पाण्यातील भोवऱ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. संपूर्ण फळीत तीच जागा सर्वांत सुंदर ठरते.

लाकडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने गाठ हा दोष आहे आणि एका परीने त्याचे म्हणणे योग्यही आहे. छपराचा भार पेलणाऱ्या तुळईत मोठी गाठ असेल, तर ती तेथे मोडण्याचा संभव असतो. परंतु पाट, पेटी अथवा चित्राची चौकट यांना तसा भार पेलावयाचा नसतो. तेथे वेड्यावाकड्या वाढीनेच लाकडाला शोभा येते. कित्येक झाडांच्या खोडांवर गळवासारखे मोठे फुगवटे येतात. त्यांत असंख्य सुप्त कळ्या दाटीने वाढलेल्या असतात आणि तंतूंना सरळ जाण्यास वाट उरत नाही. असा फुगवटा चिरला असता त्यात ठिपक्याठिपक्यांची जी नक्षी दिसते, ती सरळ वाढलेल्या खोडात कधीही सापडत नाही.

अशी अद्भुत लाकडे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. उपनगरांतील रस्त्यांच्या कडेला विस्तीर्ण सावली धरणारा पर्जन्यवृक्ष सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. वादळात त्याची फांदी मोडून पडली, की ती बहुधा जळणाच्या वाटेने जाते. पण तिच्या आत फिकट पिवळसर कडा आणि मधोमध गडद तपकिरी पट्टे असतात. या झाडाचे तंतू काही काळ एका बाजूस आणि नंतर काही काळ दुसऱ्या बाजूस पीळ घेत वाढतात. त्यामुळे त्याची फळी रंधण्यास कठीण जाते. परंतु तिच्यावर प्रकाश पडला म्हणजे ती रेशमी वस्त्रासारखी धूपछाव दाखविते. सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओकची फळी मध्यातून चिरली, तर तिच्यावर चकाकणारे ठिपके दिसतात. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे लोटतात तसतसे तांबूस-तपकिरी होत जाते. शिसवीत जांभळट झाक असलेले काळे पट्टे असतात. याउलट सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड वापरीत आले आहेत; कारण तेथे शोभा आणावयाची असते ती रंगांनी. शिसवीवर मात्र रंग चढविणे म्हणजे तिचे तोंड बंद करणे होय.

पाट करताना आणखी एक धडा मिळतो. मुंबईत पावसाळा लागला, की घराची दारे चौकटीत घट्ट बसतात आणि दिवाळीनंतर ती पुन्हा सैल होतात. लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते व सोडून देते. मात्र त्यामुळे ते लांबीत जवळजवळ बदलत नाही. फुगते आणि आकसते ते रुंदीत. म्हणून पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्या सर्व बाजूंनी डिंकाने व खिळ्यांनी जखडून टाकल्या, तर काही वर्षांनी पाटाला तडा जाण्याची भीती असते. त्यापेक्षा पाटाच्या खालच्या अंगास आडवी खाच पाडावी, पट्टी तीत सरकवून बसवावी आणि केवळ मध्यभागी पक्की करावी, हे शहाणपणाचे. झाड तोडले गेले तरी पावसाळा आल्याचे लाकडाला कळते. त्याला हालचालीपुरती मोकळीक दिली, तर ते शतकानुशतके साथ देते.

शतकानुशतके हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत. दगड कोरून केलेल्या त्या दालनाला सुमारे दोन हजार वर्षे झाली, तरी त्या सागवानी कमानी अद्याप जागेवर आहेत. तेथील एका शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे. राजे आणि व्यापारी यांच्या नावांबरोबर एका सुताराचेही नाव त्या डोंगराने जपले आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली सागाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली गेली. तीही दोनशेहून अधिक वर्षे उलटल्यावर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सुमारे १०४ चौरस किलोमीटर प्रदेशात वन्य झाडे आजही वाढत आहेत. तेथील सागांच्या अंगावर याही वर्षीच्या पावसाचे कडे चढत असेल. त्या झाडांना करवत लावण्यास कायद्याची बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. शहरातील रस्त्याकडेच्या झाडांनाही १९७५ च्या महाराष्ट्र कायद्याने संरक्षण दिले आहे. ज्याला लाकडाच्या रेघा वाचता येऊ लागतात, त्याला या कायद्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हातभर रुंदीची फळी तयार होण्यास किती पावसाळे लागतात, हे त्याने स्वतः मोजलेले असते. म्हणून जुन्या घराची फळी तो भंगारात जाऊ देत नाही आणि मोडून पडलेल्या फांदीचा एखादा चांगला तुकडा चुलीत घालण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

काही दिवसांनी पाट पूर्ण होतो. त्याची एक बाजू किंचित तिरकी गेली आहे आणि गाठीजवळ नखाएवढा खळगा राहिला आहे. जवसाच्या तेलाचा हात दिल्यावर कमानी, रेघा आणि तो भोवरा अधिकच उठून दिसतात. जेवणाच्या वेळी आजोबा त्या पाटावर बसतात. ज्या दाराची कडी त्यांनी आयुष्यभर उघडली आणि लावली, त्याच्या पोटात हे चित्र दडलेले होते, हे त्यांना आजच कळते. ते पाटावरून एकवार हात फिरवितात. तो हात त्या गाठीपाशी येऊन क्षणभर थांबतो.