दीड बॅरलचा हिशेब

सहा वर्षांत बंद पडलेल्या एका परदेशी कारखान्यावर एवढे काय लिहायचे, असे संपादकांनी मला विचारले नाही. माझ्या मेव्हण्याने विचारले. तो विचारणारच. 1998 साली आम्ही दोघांनी मिळून सांगलीत श्रीखंडाचा छोटा उद्योग सुरू केला होता आणि तीन वर्षांत बंदही केला. श्रीखंड चांगले होते, असे जुनी गिऱ्हाइके आजही सांगतात. मग उद्योग का बुडाला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मला त्याचे उत्तर सापडले ते दुधात नव्हे, बिअरमध्ये. (मी स्वतः वर्षातून एखाद्या वेळी बिअर घेतो. या लेखातली माझी आस्था टाकीशी आहे, प्याल्याशी फारशी नाही.)

मी विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. उमेदीची वर्षे एका दूध संघात पाश्चरायझर चालवण्यात गेली. उद्योग बंद पडल्यावर छोट्या कारखान्यांच्या इतिहासाचा नाद लागला. मिळेल ते पुस्तक, मुलाखत, आत्मकथन शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेलो. त्या वाचनात जॅक मॅकॉलिफ भेटला.

मॅकॉलिफ अमेरिकन नौदलात इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ होता. 1960च्या दशकात त्याची नेमणूक स्कॉटलंडमधल्या होली लॉक येथील अमेरिकन पाणबुड्यांच्या तळावर झाली. तिथल्या पबमध्ये त्याने गडद रंगाच्या, माल्टची भरदार चव असलेल्या एल, पोर्टर, स्टाउट अशा बिअर प्रथम प्यायल्या. अमेरिकेत तेव्हा मिळे ती फिकट, पाणीदार, सगळीकडे एकसारखी लागर. मायदेशी परतल्यावर हे मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने तिथेच घरी बिअर करण्याचे साहित्य आणले आणि करायला शिकला. पुढे कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्र शिकून तो तंत्रज्ञाची नोकरी करू लागला, पण डोक्यातून बिअर गेली नाही.

बिअरचे मूळ सोपे आहे. आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. तेच जवाचे करायचे. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. असे मोडाचे जव, म्हणजे माल्ट, भरडून साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ही विकरे पिठाची साखर करतात. गोड पाणी गाळून घ्यायचे आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले टाकून तास-दीड तास उकळायचे. फुलांनी कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. मग पाणी लवकरात लवकर निववून त्यात यीस्ट सोडायचे. आमच्या भाषेत विरजण लावायचे. पुढचे काम यीस्टचे. साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू तयार करायला एल जातीच्या यीस्टला आठवडाभर पुरतो.

अवघड आहे ते वेगळेच. आज जमली तशीच चव पुढच्या आठवड्यात आणणे, आणि नको असलेल्या जंतूला टाकीत शिरू न देणे. ज्याने ताक, चक्का, चीज असे काही विकण्यासाठी केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. घरी वीस लिटर करणाऱ्याचा एक घाणा बिघडला तर तो मोरीत ओततो आणि मित्रांना पुढच्या रविवारी बोलावतो. विकणाऱ्याला ती सोय नाही.

अमेरिकेतली दारूबंदी 1933 साली उठली, तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला 45 वर्षे लागली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978मध्ये कायद्यावर सही केली. म्हणजे मॅकॉलिफने कॅलिफोर्नियात घरी केलेली बिअर कागदोपत्री बेकायदाच होती आणि त्याचा परवानाधारक कारखाना मात्र त्याआधीच, 1976 साली, उभा राहिला. सूझी स्टर्न आणि जेन झिमरमन या दोघी त्याच्या भागीदार. जागा सोनोमा गावाबाहेरची एक पत्र्याची वखार. नाव न्यू अल्बियन. फ्रान्सिस ड्रेकने 1579 साली त्या किनाऱ्याला दिलेले हे नाव. बाटलीच्या लेबलावर ड्रेकचे जहाज.

त्या काळी अमेरिकेत बिअर करणाऱ्या कंपन्या उरल्या होत्या पन्नासाच्या आत. यंत्रे मिळत ती त्यांच्या मापाची. छोट्या माणसासाठी कोणी काही बनवतच नव्हते. मॅकॉलिफला वेल्डिंग येत होते. त्याने कोका-कोलाच्या सिरपचे रिकामे पोलादी ड्रम आणले, कापले, जोडले, नळ्या बसवल्या. पुस्तकी ज्ञानासाठी डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ग्रंथालय होते आणि तिथे बिअरशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मायकेल लुईस होते. बिअर उत्तम झाली. हॉप्स कॅस्केड जातीचे, म्हणजे 1970च्या दशकात नव्यानेच बाजारात आलेले, मोसंबीच्या सालीसारख्या वासाचे. आज जगभर ‘अमेरिकन पेल एल’ म्हणून जी चव ओळखली जाते ती रूढ करणाऱ्या पहिल्या काही बाटल्यांत न्यू अल्बियनची बाटली धरावी लागते. वर्तमानपत्रांतून लेख आले. माल पडून राहिला अशी तक्रार नव्हती. उलट मागणी पुरी होत नव्हती.

आणि नोव्हेंबर 1982मध्ये कारखाना बंद पडला.

इथे मी वही काढली. न्यू अल्बियनचा एक घाणा होता दीड बॅरलचा. अमेरिकन बिअर बॅरल 117 लिटरचे, म्हणजे घाणा साधारण 176 लिटरचा. आठवड्यात पाच घाणे: साडेसात बॅरल, 880 लिटर. 355 मिलीची बाटली धरली तर एका घाण्यातून, सांडलवंड न धरता, 495 बाटल्या. एवढ्या बाटल्यांसाठी किती वेळ? माल्ट भरडणे, भिजवणे, गाळणे, उकळणे, निववणे, आणि मग सगळे धुणे. उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंतचा दिवस. विकरांना एक तास लागतो तो लागतोच. टाकी किती मोठी आहे हे त्यांना कळत नाही. उकळणे दीड तास म्हणजे दीड तास. घाणा 176 लिटरचा असो की 1,170 लिटरचा, माणसाचा दिवस जवळजवळ तेवढाच खर्ची पडतो. परवान्याची कागदपत्रे तीच, भाडे तेच, दुकानापर्यंतची फेरी तीच. भागायला मात्र बाटल्या 495.

मग तो सहा वर्षे चालला कसा? मालक आणि भागीदारांनी आपल्या श्रमाची किंमत धरली नाही म्हणून. डॉन बार्कली नावाचा एक तरुण तिथे शिकण्यासाठी आला, त्याला सुरुवातीला पैशांऐवजी बिअर मिळे. असा कारखाना तोट्यात आहे हे वहीत दिसत नाही, कारण सगळ्यात मोठा खर्च वहीत लिहिलेलाच नसतो.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमचा व्हॅट 200 लिटरचा होता. तो आधी पाण्याने, मग कॉस्टिकने, पुन्हा पाण्याने आणि शेवटी वाफेने धुवायला मला चाळीस मिनिटे लागत. दूध संघात 5,000 लिटरच्या टाकीलाही फार तर तासभर लागे. रोज दोन्ही टाक्या धूत होतो, संघातली पगारी आणि घरची बिनपगारी, तरी हा हिशेब कधी डोक्यात आला नाही. चक्का टांगायला बायको, साखर फेटायला मेव्हणा, डबे भरायला त्याची बायको. मिरज, इचलकरंजीला डबे पोचवायचे ते माझ्याच स्कूटरवर. महिन्याच्या शेवटी उरत त्या पैशांना आम्ही नफा म्हणत होतो. चौघांची मजुरी वजा केली असती तर पहिल्याच महिन्यात कळले असते. ते न कळल्याने तीन वर्षे गेली आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. मेव्हण्याचे म्हणणे आजही असे आहे की तिसऱ्या वर्षी आपण केशर कमी केले, म्हणून गिऱ्हाईक तुटले.

मॅकॉलिफला मात्र हे कळले होते. त्याने मोठ्या कारखान्याचा आराखडा तयार केला आणि भांडवल शोधत हिंडला. पण 1980–81 साली अमेरिकेतले बँकांचे मूळ व्याजदरच 20 टक्क्यांच्या वर गेले होते. शिवाय ‘छोटा बिअर कारखाना’ ही वस्तूच सावकाराने पाहिलेली नव्हती. आधी कोणी यशस्वी झालेले दाखवा, असे म्हणणाऱ्याला काय दाखवणार? यशस्वी होऊ पाहणारा पहिला तोच. त्याला प्रेरणा मिळाली होती सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीवरून; पण अँकरचा मालक फ्रिट्झ मेटॅग हा वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातला. तोट्याची वर्षे सोसायला त्याच्यामागे पैसा होता. हा फरक प्रेरणादायी लेखांत सहसा वगळला जातो.

न्यू अल्बियन चालू असताना तिथे येऊन गेलेल्यांत केन ग्रॉसमन हा एक. हाही घरी बिअर करणारा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको गावी घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवायचा. मॅकॉलिफचे ड्रम त्याने पाहिले आणि ठरवले की दीड बॅरलवर पोट भरणार नाही, घाणा किमान दहा बॅरलचा हवा. नवी यंत्रे त्यालाही परवडणारी नव्हती. त्याने काय करावे? बंद पडलेल्या डेअऱ्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या विकत घेतल्या. (हे वाचताना मला जो आनंद झाला तो दूध संघात काम केलेल्या माणसालाच कळेल.) भागीदार पॉल कॅमुसीबरोबर, घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेऊन, त्याने सिएरा नेवाडा ब्रुइंग कंपनी उभी केली. नोव्हेंबर 1980मध्ये पहिला घाणा निघाला. पेल एलची चव एकसारखी येईना, तेव्हा सुरुवातीचे दहा-एक घाणे त्याने ओतून दिले. दहा घाणे ओतायचे धैर्य म्हणावे तर म्हणा. पण त्या धैर्यासाठीही आधी भांडवलात तेवढी जागा ठेवावी लागते. 1987 साली तो 100 बॅरलच्या कारखान्यात गेला, जर्मनीतून आणलेल्या तांब्याच्या जुन्या भांड्यांसह. ती कंपनी आज अमेरिकेतल्या मोठ्या बिअर कंपन्यांत मोडते.

ग्रॉसमन अधिक हुशार होता का? त्याच्या 2013 साली आलेल्या ‘बियाँड द पेल’ या आत्मकथनातून तो चिकाटीचा आणि हिशेबी माणूस दिसतो, हे खरे. पण त्याच्यासमोर बघायला एक न्यू अल्बियन होते. मॅकॉलिफच्या समोर काहीही नव्हते. पहिल्याने दीड बॅरलची चूक केली नसती तर दुसऱ्याला दहाचा आकडा सुचला असता असे मला वाटत नाही.

न्यू अल्बियनची भांडीकुंडी आणि यीस्ट, आणि बार्कलीही, 1983 साली हॉपलंड गावी निघालेल्या मेंडोसिनो ब्रुइंग कंपनीत गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नुकताच बदल झाला होता: केलेली बिअर त्याच जागी प्याल्याने विकता येऊ लागली. यामुळे हिशेब एकदम फिरला. बाटली नाही, लेबल नाही, वितरकाचा वाटा नाही. छोट्या घाण्यालाही जगण्याइतका पैसा सुटू लागला. आपल्याकडच्या वाचकाला या कंपनीचा पुढचा मालक ओळखीचा वाटेल. 1997 साली विजय मल्ल्यांच्या युनायटेड ब्रुअरीज समूहाने ती ताब्यात घेतली. 2018 साली तीही बंद झाली.

महाराष्ट्रात घरापासून कारखान्यापर्यंतची ही पायवाटच नाही. 1949च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना. त्यामुळे वीस लिटरवर चुका करून शिकायची सोय नाही. पहिली चूक करायची ती थेट परवाना आणि भांडवल घालून. पुण्यात 2009 साली राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली ती बिअर जागेवरच विकणारी, म्हणजे सोनोमाच्या नव्हे, हॉपलंडच्या वाटेने. तिचे नाव ‘डूलाली’. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे सोल्जर डोक्याने फिरायचे. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

मॅकॉलिफ बिअरच्या धंद्यातून बाहेर पडला आणि पुन्हा अभियांत्रिकीच्या नोकऱ्यांकडे वळला. बरीच वर्षे त्याचे नाव फक्त जाणकारांना ठाऊक होते. 2012 साली बॉस्टन बिअर कंपनीच्या जिम कॉक याने त्याला बोलावून घेतले, दोघांनी मिळून जुनी न्यू अल्बियन एल पुन्हा केली आणि 2013च्या सुरुवातीला ती बाजारात आली. नफा मॅकॉलिफला मिळाला, नाव आणि व्यापारचिन्हही परत मिळाले. कृती जुनीच होती. बदलली होती ती टाकी.

आमचा 200 लिटरचा व्हॅट मी विकलेला नाही. तो गच्चीवर आहे, उन्हाळ्यात पाणी साठवायला बरा पडतो. हा लेख मेव्हण्याला वाचून दाखवला. त्याने सगळा ऐकून घेतला, बॅरलचे लिटर दोनदा विचारले, आणि म्हणाला, “ते सगळं खरं असेल भाऊजी, पण केशर आपण कमी केलं होतं.”